उजवा पदर

ओसाका, २२ सप्टेंबर १९६४

ताई,

उकाडा सरला एकदाचा. पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटतं. तुमच्या नागीउराला मात्र समुद्राचं पाणी अजून कोमट असेल. या दिवसांत ओहोटी लागली की आपण वाळूत खड्डा करून खालचं ऊन पाणी वर काढायचो आणि त्यात पाय सोडून बसायचो, ते काल उगाच आठवलं.

काम असल्याशिवाय कायो पत्र लिहीत नाही असं तू म्हणणारच, तेव्हा आधी कामाचं लिहिते. माझ्या थोरल्या जाऊबाई, मित्सुए-सान, यांना थोडे दिवस तुझ्या इसोयात, पाहुण्यांच्या एखाद्या खोलीत, ठेवून घेशील का? तू त्यांना माझ्या लग्नात पाहिलंयस. उंच, हसताना तोंडावर हात धरणाऱ्या. थोरले दीर वारल्यापासून त्या आणि सासूबाई दोघीच ओसाकाच्याच कडेला टेकडीवरच्या घरात राहायच्या. सासूबाई शेवटची नऊ वर्षं अंथरुणालाच खिळल्या होत्या. कूस बदलण्यापासून घास भरवण्यापर्यंत सगळं जाऊबाईंनी एकटीनं केलं. आम्ही आपले सणावारी फळांची टोपली घेऊन जायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचो. सासूबाई ऑगस्टमध्ये गेल्या. परवा त्यांचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी झाला.

शोझो म्हणतात, वहिनी फार दमल्यात, त्यांना जरा हवापालट होऊ दे. मलाही तसंच वाटतं. तुझ्याकडे गरम झऱ्याच्या आंघोळी होतील, मोकळी वाळू आहे, शांत समुद्र आहे. राहतील तितके दिवस राहू दे. महिना झाला तरी घाईनं परत पाठवू नकोस. आणि एकटी बाई म्हणून नाही म्हणू नकोस. मी जामीन आहे.

कायो

*

नागीउरा, २६ सप्टेंबर

कायो,

पाय सोडून बसायचो म्हणे. खड्डा मी खणायचे आणि पाय तू सोडायचीस. नीट आठव.

पाठव तुझ्या जाऊबाईंना. उन्हाळ्याची गर्दी ओसरली आहे, वादळंही यंदा बाजूनं निघून गेली, समुद्र ताटात ओतल्यासारखा पडून असतो. सहातल्या चार खोल्या रिकाम्याच आहेत. पण एकट्या बाईला खोली द्यायची नाही हा आईचा नियम मी आजवर मोडलेला नाही आणि का मोडलेला नाही ते तुला सांगायला नको. कोपऱ्यातल्या खोलीतली ती निळ्या छत्रीची बाई आपण दोघींनी पाहिली होती. तुला तिनं खडीसाखर दिली होती. सकाळी वाळूवर तिच्या खडावा सापडल्या, शेजारी शेजारी जोडून, टाचा एका रेषेत, आणि समुद्र असा होता की जणू त्याला काही ठाऊकच नाही. त्यानंतर आई मरेपर्यंत कोणाच्याही खडावा वाळूवर दिसल्या की तिचा जीव थाऱ्यावर राहत नसे. माझंही तेच झालंय.

म्हणून एकच विचारते. नऊ वर्षं सासूचं करून रिकामी झालेली, मूलबाळ नसलेली बाई तू समुद्राकाठी एकटी पाठवते आहेस. तिच्या मनात काही नाही ना? खरं काय ते लिही. लपवाछपवी तुला कधीच जमली नाही, तुझे कान लाल होतात. पण कान पत्रात दिसत नाहीत, म्हणून विचारावं लागतं.

तोमिए

*

ओसाका, ३० सप्टेंबर

ताई,

तुझं आपलं काहीतरीच. जाऊबाईंच्या मनात कसलंही वेडंवाकडं नाही. शांत बाई आहेत, इतकंच. एकोणपन्नासाव्या दिवशी सगळे पाहुणे गेल्यावर मला म्हणाल्या, ‘माझं काम संपलं, कायो-सान.’ ते आपण घर आवरल्यावर म्हणतो तसं म्हणाल्या. तू त्याचा भलता अर्थ लावू नकोस.

तिकीट काढून दिलं आहे. तीन तारखेला दुपारच्या बसनं येतील. काल मी आवराआवरीला मदत करायला गेले होते, पण मला काही ठेवलंच नव्हतं. घर असं लख्ख की पाय टेकवायला लाज वाटावी. स्वयंपाकघरातलं लोणच्याचं मोठं मडकंसुद्धा घासून उन्हात पालथं घातलेलं. काय ती स्वच्छतेची हौस.

एक विनंती. तिथे त्यांना शेजाऱ्यांची पत्रं आली किंवा त्यांनी इकडे फोन करायचं म्हटलं, तर जरा टाळ. घरच्या आठवणी निघाल्या की विश्रांती कसली होणार? त्यांच्यावर लक्ष असू दे.

कायो

*

नागीउरा, ५ ऑक्टोबर

कायो,

‘भलता अर्थ लावू नकोस’ म्हणतेस आणि खाली ‘लक्ष असू दे’ लिहितेस. मी कोणती ओळ खरी धरू?

जाऊबाई आल्या. एका हातात लहानशी पेटी, दुसऱ्या हातात कापडात बांधलेलं गोल आणि जड काहीतरी. आपली मोलकरीण हात्सु ते घ्यायला पुढे झाली तर बाईंनी ते छातीशी धरलं. ‘हे राहू दे. हे माझं मी नेते.’ आवाज मऊ, पण हात्सु दोन पावलं मागे सरली. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते सांगू? अस्थी. पण त्यांनी ते खोलीत दाराआड सावलीत ठेवलं, अस्थी कोणी तशा ठेवत नाही, उंच जागी ठेवतात. मग हे काय आहे?

रोज सकाळी त्या दार लावून घेतात. हात्सु दाराला कान लावून आली. मी तिला आधी रागावले आणि मग विचारलं, काय ऐकू आलं? म्हणाली, ‘बाई कोणाशी तरी बोलतात. काल थंडी वाजली का, असं विचारतात. आणि औषधासारखा आंबूस वास येतो.’ औषध? कसलं औषध? बाटली असती तर निदान ओळखता आली असती.

हेही मी गिळलं असतं. पण काल आंघोळीनंतर त्या आपल्या इसोयाचा निळा युकाता, तो सुती किमोनो, घालून जिन्यावरून खाली आल्या आणि मी हातातला चहा सांडला. उजवा पदर वर होता, डावा आत. आई गेली तेव्हा आपण दोघींनीच तिला तसा नेसवला होता, गाठ मी मारली होती. जिवंत माणसाच्या अंगावर मी तसा पदर जन्मात पाहिला नव्हता. मी पुढे होऊन तो सोडवला आणि नीट केला. त्या खाली बघून म्हणाल्या, ‘अगंबाई. माफ करा. हाताला तीच सवय आहे.’ कसली सवय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुपारभर वाळूवर बसतात. काही करत नाहीत. समुद्राकडे बघतात आणि समुद्र त्यांच्याकडे. मी वरच्या खिडकीत चादरी घडी करत उभी राहते. त्याच चार चादरी उलगडते आणि पुन्हा घडी करते. मला भीती वाटते कायो, साधी सरळ भीती. तुला काय माहीत आहे ते लिही.

तोमिए

*

ओसाका, ८ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र वाचून मी घाबरले आणि मग मला हसू आलं. पदर चुकतो एखाद्या वेळी. नऊ वर्षं त्यांनी आरसा तरी धड पाहिला असेल का? बोचक्यात सासूबाईंची एखादी आठवण असेल. असू दे. वाळूवर बसतात म्हणजे बरंच आहे, त्यासाठीच तर पाठवलंय.

आमचं ठीक चाललं आहे. हवा छान पडली आहे. सकाळी ओसरीवर ऊन येतं तेव्हा मुलं तिथेच अभ्यासाला बसतात. दारच्या काकीच्या झाडाची फळं पिवळी व्हायला लागली, धाकटा रोज मोजतो. शोझोंचं तेवढं जेवणावर मन नाही. आईच्या घरचं लोणचं नाही म्हणून भात अर्धा टाकतात. मी बाजारचं आणलं तर एक फोड चावून ताटलीच्या कडेला ठेवली. पुरुषांचं दुःख असं कुठूनही बाहेर पडतं.

जाऊबाईंना सांग, घाई नाही. नोव्हेंबरही तिकडेच काढला तरी चालेल.

कायो

*

नागीउरा, ११ ऑक्टोबर

कायो,

आधी काल काय झालं ते.

सकाळी हात्सु म्हणाली, ‘आज बाईंनी दार लावलं नाही. बोलणंही नाही. न्याहारीला हात न लावता बाहेर पडल्या.’ मी हातातला पोळा तसाच तव्यावर सोडला. मागच्या दारानं उतरले तर वाळूवर इसोयाच्या खडावा. शेजारी शेजारी जोडून. टाचा एका रेषेत.

मी या वयात पळाले. समुद्रावर सुरकुतीसुद्धा नव्हती. त्या गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, तोंड माझ्याकडेच होतं, पण ते बघायचं भान कोणाला? मी तशीच आत शिरले, त्यांच्या कमरपट्ट्याला धरून ओढलं आणि आम्ही दोघी धबाककन पाण्यात बसलो. नाकातोंडात खारं पाणी. काठावरचा जाळी विणणारा म्हातारा उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. मी म्हटलं, ‘काय करत होतात?’ त्या म्हणाल्या, ‘पाण्याखाली कुठेतरी ऊन झरा आहे ना, तो पायानं शोधत होते.’ मग तोंडावर हात धरून हसल्या. मला रडू आलं. मी रडले आणि त्यांनीच माझी पाठ थोपटली, पोर थोपटावी तशी.

रात्रभर डोळा लागला नाही. तुझी पत्रं पुन्हा काढून वाचली, तुला काय माहीत आहे ते कळावं म्हणून. आणि ते कळलं, पण भलतंच.

कायो, तुमच्या दोन खोल्यांना ओसरी कधी फुटली? तिसऱ्या मजल्यावर काकीचं झाड कसं उगवलं? मी तुझ्या घरी राहून गेले आहे. तुझ्या खिडकीतून समोरच्या धोब्याची भिंत दिसते. ओसरी आणि काकीचं झाड टेकडीवरच्या घराला आहे. तू ते पत्र तिथे बसून लिहिलंस आणि पाकिटावर सवयीनं जुना पत्ता घातलास.

म्हणजे बाईंना गाडीत बसवलं आणि तुम्ही सामान हलवलं. म्हणून महिनाभर, म्हणून नोव्हेंबर, म्हणून फोन टाळ. त्या जगतील ना याची मला काळजी आणि तुला काळजी ती त्या परत येतील याची. खड्डा दुसऱ्यानं खणायचा आणि पाय तू सोडायचे. चाळीशी आली तुझी, अजून तेच.

आणि मला तू यात बांधलंस. सांगितलं तर ती बाई ज्या पाण्यातून काल बाहेर आली त्यात पुन्हा जाईल. नाही सांगितलं तर मी रोज तिला भात वाढायचा आणि तिच्या तोंडाकडे बघायचं नाही. आज दुपारी त्यांनी मला विचारलं, ‘परतीच्या गाड्या कशा आहेत हो?’ मी म्हटलं, पाहून सांगते. वेळापत्रक माझ्या डोक्यावरच टांगलेलं होतं.

असं किती दिवस चालणार? मी सांगणार आहे. तुझं काय म्हणणं असेल ते लवकर कळव.

तोमिए

*

तार. १३ ऑक्टोबर

सांगू नकोस. पत्र निघालं आहे. कायो

*

ओसाका, १३ ऑक्टोबर

ताई,

पाकिटावर पत्ता आता खरा घातला आहे, बघ.

माझे कान लाल झाले आहेत. तू समोर असतीस तर मी काही बोलूच शकले नसते, म्हणून लिहिते आहे तोवर सगळं ऐक.

घर सासूबाईंच्या नावावर होतं. थोरले दीर आधीच गेले, मूल नाही. कायद्यानं घर शोझोंचं. सुनेनं किती वर्षं केलं याला कायद्यात रकाना नाही. हे मी ठरवलेलं नाही. आमच्या त्या दोन खोल्यांत थोरल्या लेकीचा खोकला जात नव्हता, भिंतीला ओल होती, तू पाहिलीस. डॉक्टर म्हणाले, कोरडी जागा बघा. कोरडी जागा टेकडीवर होती. मी काय करायला हवं होतं?

जाऊबाईंना बाहेर काढायचं असं कोणी म्हटलेलं नाही. मागची लहान खोली त्यांना ठेवू, असं आधी ठरलं होतं. मग शोझो म्हणाले, वहिनी घरात असल्या की हे घर त्यांचंच वाटत राहील, मुलांना पण आणि मला पण. त्यांचं माहेर आहे म्हणे. माहेरी कोणी उरलेलं नाही हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. आम्ही दोघं ते एकमेकांना बोललो नाही.

त्यांच्यासमोर सामान आत आणायची माझ्यात ताकद नव्हती. त्या दारात उभ्या राहून ‘या, या’ म्हणाल्या असत्या. आमच्या पेट्या उचलू लागल्या असत्या. ते मला सहन झालं नसतं. म्हणून तुझ्याकडे पाठवलं. हा भित्रेपणा आहे, मला माहीत आहे.

इथे आल्यापासून घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. काल शोझोंनी जेवताना चॉपस्टिक्स खाली ठेवल्या आणि विचारलं, ‘भाज्या मुरवायचा मडक्यातला कोंडा कुठे आहे?’ मी म्हटलं, मडकं धुऊन पालथं ठेवलं आहे. ते म्हणाले, ‘तो कोंडा माझ्या आजीच्या हातचा आहे. तो कोणी धूत नाही.’ मग उठून सगळं स्वयंपाकघर धुंडाळलं. फडताळं, फरशीखालची साठवणीची जागा, परसातली मोरी. कुठेही नाही. जाऊबाईंनी फेकून दिला असेल का? इतक्या वर्षांचं विरजण त्या फेकून देतील?

आणि जर दिलं असेल तर, ताई, तुझीच भीती खरी नाही ना? म्हणून तार केली. सांगू नकोस. त्यांना काही झालं तर हे ऊन माझ्या मुलांना पचणार नाही.

कायो

*

नागीउरा, १८ ऑक्टोबर

कायो,

तुझी तार आली तेव्हा सांगून झालं नव्हतं. पत्र आलं तेव्हाही नव्हतं. ते वाचलं आणि चप्पल घालून बाहेर पडले. कोंड्याचं वाचल्याबरोबर मला दाराआडचं ते गोल बोचकं दिसलं, आंबूस वास आठवला आणि माझीच मला लाज वाटली. पन्नास वर्षं जेवणात लोणचं खाल्लेली मी, त्या वासाला औषध म्हणाले.

दुपारची ओहोटी होती. बाई वाळूवर बसल्या होत्या. मी फावडं घेऊन गेले आणि त्यांच्या शेजारी खड्डा खणला. हो, याही वेळी मीच. ऊन पाणी वर आलं तशा आम्ही दोघी पाय सोडून बसलो. समोर पाणी हलत नव्हतं. मी म्हटलं, ‘मित्सुए-सान, टेकडीवरच्या घरात कायो राहायला गेली आहे. मुलाबाळांसकट. तुम्ही निघालात त्याच आठवड्यात.’ आणि त्यांचा कमरपट्टा मुठीत घट्ट धरून ठेवला.

त्यांनी विचारलं, ‘हिवाळ्याची पांघरुणं त्यांना सापडली का? वरच्या कपाटात आहेत. त्या कपाटाला कुबट वास येतो, एकदा उन्हात घालायला हवीत.’

मी म्हटलं, ‘तुम्हाला माहीत होतं?’

‘एकोणपन्नासाव्या दिवशी शोझो-सान घरभर फिरले. दर खोलीत क्षणभर उभे राहिले आणि भिंतीकडे बघितलं. कपाटं कुठे बसतील ते बघणारा माणूस तसाच उभा राहतो. मग कायो-साननी तिकीट आणून दिलं. फक्त जायचं.’ त्या पाण्यात बोटं हलवत होत्या. ‘मी मडकं घासून ठेवलं ते त्यासाठीच. परत येणारी बाई कोंड्याचं मडकं घासत नाही. मला वाटलं होतं कायो-सान ओळखतील. त्यांनी माझ्या स्वच्छतेचं कौतुक केलं.’

कायो, तू ते मडकं उन्हात पालथं पाहिलंस आणि मला लिहून कळवलंस. आणि मीही वाचून पुढे गेले. आपल्या आईनं आपल्याला काय शिकवलं?

कोंडा इथे आहे, लहान मडक्यात, कापडात बांधलेला. रोज सकाळी त्या दार लावून कोपरापर्यंत हात घालतात, तळापासून वर आणतात आणि तुमच्या सासूबाईंशी बोलायच्या तशा त्याच्याशी बोलतात. थंडी वाजली का, आज जरा आंबट आहेस, असं. नऊ वर्षं सकाळी दोघींचं पाठोपाठ व्हायचं, आधी सासूबाईंचे कपडे बदलायचे, मग कोंडा. आता एकच उरलं आहे.

पदराचंही विचारलं. ‘समोर बसून दुसऱ्याला नेसवायचं म्हणजे आपल्या उजव्या हाताकडची बाजू वर घ्यायची,’ त्या म्हणाल्या. ‘तेव्हा तिचा पदर बरोबर येतो. नऊ वर्षं हात तेच शिकला. स्वतः मी साधा फ्रॉकच घालायचे, गाठी मारायला वेळ कुठे होता? इथे युकाता हातात आला आणि हातानं आईंना नेसवला.’

इतकं होईतो माझा जीव खाली बसत आला होता. मी म्हटलं, ‘आणि मी वेडी तुम्हाला पाण्यातून ओढत होते.’ मी हसले. त्या हसल्या नाहीत.

‘त्या दिवशी मी झरा शोधत नव्हते, तोमिए-सान.’

मी मूठ आणखी आवळली.

‘गुडघ्यापर्यंत गेले. पाणी इतकं शांत होतं की कोणी अडवतंय असं वाटेना. मग आठवलं, सकाळी कोंड्यात हात फिरवलेला नाही. ऊन चढलं की वर बुरशी धरेल. मी नसले तर कोण फिरवणार? तुमच्या नावानं चिठ्ठी ठेवावी असंही मनात आलं. पण तुमचा चेहरा विसरणाऱ्या बाईचा आहे. म्हणून परत वळले. तेवढ्यात तुम्ही आलात आणि मला पाण्यात पाडलंत.’

आता सांग मी हसू की रडू? मी दोन्ही केलं. पाण्यात त्या मला माझ्याकडे तोंड करून दिसल्या होत्या, हे मीच तुला लिहिलं होतं. त्या घराकडे वळलेल्या होत्या कायो, आणि घर म्हणजे दाराआडचं मडकं.

मी त्यांना म्हटलं, इथेच राहा. म्हणाल्या, ‘पाहुणी म्हणून नाही.’ आता सकाळच्या भाताबरोबर त्यांचा कोंड्यात मुरलेला मुळा असतो. परवा कोबेचा एक व्यापारी मुळ्याखातर तिसरा वाडगा भात मागून बसला. हात्सु आता दाराला कान लावत नाही, आत बसून शिकते. मी शिकत नाही. माझा चेहरा विसरणाऱ्या बाईचा आहे.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. थोरलीचा खोकला कमी झाला का, ते मात्र लिही.

तोमिए

*

ओसाका, २४ ऑक्टोबर

ताई,

थोरलीचा खोकला थांबला. हे लिहितानाही चोरी केल्यासारखं वाटतं.

तुझं पत्र मी शोझोंना वाचून दाखवलं, पाण्यात वळल्याच्या जागेपर्यंत. ते उठून ओसरीवर गेले आणि पाठ करून बसले. मग एवढंच म्हणाले, ‘वहिनींनी मला लहानपणापासून जेवायला वाढलंय.’ शोझो शाळेत होते तेव्हा त्या घरात आल्या, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. माझ्या मनात त्या कायम सासूबाईंच्या अंथरुणाशीच बसलेल्या.

पालथं मडकं मी सुलट केलं आहे. ताजा कोंडा आणला, मीठ घातलं, रोज हात फिरवते. पण तो नुसता ओला कोंडाच राहतो. शेजारीण म्हणाली, जुन्यातला मूठभर घातल्याशिवाय जीव धरत नाही.

ताई, मूठभर पाठवायला सांगशील? विरजणापुरता. त्यांना तूच विचार. मला विचारायला तोंड नाही.

कायो

*

इसोया, नागीउरा, ३० ऑक्टोबर

कायो-सान,

तोमिए-सान मला तुमचं पत्र वाचून दाखवत होत्या. अर्ध्यावर त्यांनी ते माझ्याच हातात दिलं आणि चादरी घडी करायला गेल्या.

मुलीचा खोकला थांबला हे फार चांगलं झालं. पूर्वेकडची खोली तिला द्या, तिथे सकाळपासून ऊन असतं. काकीची फळं इतक्यात उतरवू नका, एकदा थंडी पडू दे.

कोंडा पाठवता येणार नाही. टपालात त्यात हात कोण फिरवणार? घर तुमच्याकडे राहू दे. हा माझ्याकडे राहील.

शोझो-सानना खायचं असेल तर त्यांनी इथे यावं. समुद्राकडची खोली पुढच्या आठवड्यापासून तुमच्या दोघांच्या नावानं ठेवायला मी सांगितलं आहे. समुद्र शांत आहे. सकाळच्या भाताबरोबर मुळा आणि वांगं असेल, हवं तितकं वाढीन. पाहुण्यांना बांधून द्यायची इथे पद्धत नाही.

आलात की पायताणं दारात काढा आणि तशीच टाकून आत या. मी ती वळवून, बाहेर तोंड करून जोडून ठेवीन. निघताना तुम्हाला शोधावी लागणार नाहीत.

मित्सुए